दोन घराणी, दोन वह्या

प्रश्न : वडिलांचं घराणं साताऱ्याकडचं मराठी, आईचं सुरतेचं गुजराती. दोन्हींची वंशावळ नाशिकमध्ये सापडेल का?

उत्तर : पूर्वज इथे अस्थिविसर्जनाला किंवा यात्रेला आले असतील तर जरूर शोधा. गोदावरीवरच्या रामकुंड परिसरातल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांकडे, आलेल्या घराण्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. निव्वळ आडनावावर भागत नाही. मूळ गाव आणि जात लागते, म्हणून दोन्हीकडचे उपाध्ये बहुधा वेगळे निघतील. हल्लीचा पत्ता सांगितला की शोध तिथेच अडतो. जुन्या मराठी नोंदी मोडी लिपीत असतात. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, तेव्हा नाव वेगळं दिसलं म्हणून सोडू नका. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा : शके १८२२ म्हणजे साधारण १९००. गुजराती नोंदीत विक्रम संवत असेल तर ५६ वजा करा. नोंद दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर ५७. लेकीसुनांची नावं मात्र बरेचदा गाळलेली असतात, ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आधीच लिहून घ्या.