कोलकासला पहिल्यांदा राहायला जाताना

मेळघाटात जाताय, तर एक रात्र तरी कोलकासच्या वनविश्रामगृहात काढाच. मात्र रिसॉर्टची अपेक्षा ठेवून जाऊ नका. खोली साधी असते, वीज जाते आणि मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. घरी तसं आधीच सांगून ठेवा. पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं परतवाड्यातच घ्या, पुढे धारणी रस्त्याला लागल्यावर भरवसा नाही. टॉर्च हवाच. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर जाड स्वेटर आणि कानटोपीही घ्या. विदर्भ म्हणजे ऊन, असं समजून गेलो आणि पहिली रात्र मी कुडकुडत काढली होती.

वाघाच्या मागे लागू नका, इथलं जंगल दाट आणि डोंगराळ आहे, तो सहज दिसत नाही. पहाटे चहा घेऊन खाली वळण घेणाऱ्या सिपना नदीकडे बघत शांत बसा. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि आजूबाजूला सागच साग! अंधार पडल्यावर आवार सोडू नका. जेवणाचं खानसाम्याला दुपारीच सांगा, सामान लांबून आणावं लागतं.