खान्देशात हॉटेलच्या रूमवर पहाटेची कॉफी: कॉफी मागू नका, उकळलेलं पाणी मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव, धुळे, नंदुरबार असा आठवडाभराचा दौरा आहे, पहाटे पाचला जाग येते आणि खाली न उतरता रूमवरच कॉफी लागते. तर इकडच्या हॉटेलांत ती मिळते का, की किटली सोबत आणायची?

मिळते, पण पाचला नाही. आणि जी मिळते ती तुमच्या मनातली नसते.

मी बियाण्याच्या कामासाठी याच तीन जिल्ह्यांत फिरतो. पूर्वहंगामी कापसाच्या दिवसांत शेतकरी भेटायचा तर उन्हाच्या आत, सकाळी साडेसहा-सातला शिवारात हजर असावं लागतं. त्यामुळे मुक्काम जळगावातल्या बऱ्या हॉटेलात असो की चोपडा, शहादा, अमळनेरच्या लॉजवर, पहाटेच्या कपाची सोय मी आदल्या रात्रीच लावून झोपतो. सांगायची गोष्ट एकच आहे. हॉटेलवाल्याकडे ‘कॉफी’ मागू नका. उकळलेलं पाणी मागा, हवं तर दूध वेगळं मागा, पावडर आपली ठेवा.

कारण सरळ आहे. मध्यम हॉटेलांचं किचन सातच्या आधी सहसा सुरू होत नाही. पाचला जागा असतो तो काउंटरमागच्या बाकड्यावर चादर घेऊन पडलेला रात्रपाळीचा पोऱ्या. त्याच्या हातात असतो समोरच्या टपरीवरचा चहा, तोही टपरी उघडली असेल तर. अमळनेरच्या एका लॉजवर मी पहाटे विचारलं तर उत्तर आलं, “काफी नही शे भाऊ, चहा शे.” त्याचं काही चुकलं नव्हतं. खान्देश चहाचा मुलूख आहे. कॉफी इथे पाहुणा आला, कोणी आजारी पडलं किंवा कोणी ‘मी चहा घेत नाही’ म्हणालं की निघते. मग ती मनापासून करतात: निव्वळ म्हशीचं दूध, दोन-तीन चमचे साखर, वरून एक पुडी, आणि या पेल्यातून त्या पेल्यात ओतून काढलेला फेस. वर साय. संध्याकाळी पाचला मलाही ती आवडते. पहाटे पाचला रिकाम्या पोटी ते पेलाभर गोड दूधच.

आता रात्री काय करायचं. जेवण झालं की नऊ-साडेनऊला, किचन बंद व्हायच्या आत, थर्मास घेऊन स्वतः खाली जा. फोनवर सांगू नका. आणि नुसतं ‘गरम पाणी’ म्हणू नका, कारण लॉजच्या भाषेत गरम पाणी म्हणजे आंघोळीचं. काउंटरवर पाटीच असते, ‘गरम पाणी सकाळी ६ ते ९’. एकदा मी ‘सकाळी पाचला गरम पाणी लागेल’ एवढंच सांगून झोपलो, तर पाचला दार वाजलं आणि वाफाळती बादली घेऊन पोऱ्या उभा, खांद्यावर टॉवेल. त्याने बिचाऱ्याने माझ्यासाठी बंब लवकर पेटवला होता. आंघोळ झकास झाली, कॉफी टपरीवर प्यालो. तेव्हा शब्द असे ठेवा: “प्यायचं पाणी, खळखळ उकळून, या थर्मासमध्ये.” त्याआधी थर्मासात थोडं गरम पाणी घालून दोन मिनिटं ठेवा, ओतून द्या, मग काठोकाठ भरून घ्या. अर्धा भरलेला थर्मास फार लवकर निवतो. स्टीलचा, दुहेरी भिंतींचा, अर्धा-पाऊण लिटरचा थर्मास असला की पहाटेपर्यंत इन्स्टंट कॉफी नीट विरघळेल एवढं पाणी गरम राहतं. या उकळलेल्या पाण्याचे वीस-तीस रुपये द्यायचे ते रात्रीच देऊन टाका. सकाळी ड्यूटी बदलते आणि पैसे भलत्याच्याच हातात जातात.

रूममध्ये हॉटेलची किटली असेल तर वापरा, पण आधी झाकण उघडून वास घ्या. लोक त्यात अंडी उकडतात, मॅगी करतात. एकदा पाणी उकळून फेकून द्या आणि मगच आपलं पाणी घाला. आतून पांढरा थर दिसला तर घाबरू नका, तो क्षारांचा. इकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. किटली त्याने बिघडत नाही, पण त्या पाण्याची कॉफी सपक लागते. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी आहे, तरी हॉटेलच्या नळाला टँकरचं आहे की बोअरचं हे आपल्याला कळत नाही. म्हणून कॉफीपुरतं जारचं नाहीतर बाटलीचं पाणी घ्यावं. किटलीत दूध मात्र कधीच तापवू नका. पाणी उकळलं की वाफ आतल्या धातूच्या पट्टीपर्यंत पोचते, पट्टी वाकते आणि किटली आपोआप बंद होते. दूध त्याच्या आधीच फसफसून वर येतं, टेबलावर सांडतं आणि तळाला करपतं ते वेगळंच. झाकण उघडं ठेवलं तरी तेच. वाफ पट्टीपर्यंत जातच नाही, किटली उकळतच राहते.

स्वतःची किटली आणायची असेल तर घरची दीड लिटरवाली आणू नका. ती साधारण १५०० वॅटची असते, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर खेचते. पलंगाशेजारचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, आणि जुन्या लॉजमध्ये ते आधीच सैल झालेलं. एमसीबी, म्हणजे जास्त वीज खेचली की आपोआप पडणारा स्विच, पडला की अख्खा मजला अंधारात, आणि पहाटे पाचला सगळे बाहेर येऊन तुमच्याच दाराकडे बघणार. अर्ध्या लिटरची ६०० वॅटची प्रवासी किटली मिळते. तिला पाच-एक मिनिटं लागतात, पण काही उडत नाही. काउंटरवर विचारून वापरा, काही ठिकाणी चालत नाही. पाण्यात बुडवायचा रॉड तर पिशवीत घालूच नका. आणि येताना रेल्वेच्या डब्यात किटली काढू नका. तिथलं सॉकेट मोबाईलपुरतं असतं, किटली लावायला बंदी आहे. भुसावळला गाड्या अवेळी पोचतात म्हणून हा मोह होतो, एवढ्यासाठी सांगितलं.

पावडरचं म्हणाल तर पाकिटाच्या मागे चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती टक्के ते छापलेलं असतं, वाचून घ्या. चिकोरीवाली दुधात दाट आणि गोडसर लागते. नुसत्या पाण्यात काळी प्यायची तर निव्वळ कॉफीवाली. एकेका कपाच्या पुड्या सोयीच्या. इथल्या प्रत्येक किराणा दुकानात त्यांची माळ टांगलेली असते, पुण्याहून पोतं भरून आणायची गरज नाही. फिल्टरची पावडर मात्र घरूनच आणा. भुसावळला रेल्वेमुळे सगळ्या प्रांतांची माणसं आहेत, तिथे ‘फिल्टर’ म्हटलं तर निदान कोणी चमकत नाही. बाकी ठिकाणी दुकानदार पाण्याचा फिल्टर दाखवेल.

दुधाला दोन वाटा. दोनशे मिलीचं टेट्रापॅक फ्रिजशिवाय राहतं, पण फोडलं की संपवायचं. नाहीतर दूध पावडरच्या पुड्या. पाणी थर्मासातलं असेल तर मी पावडरच घेतो, कारण थंड दूध ओतलं की कप कोमट होतो. माझी रीत अशी: पेल्यात कॉफी, साखर आणि चार थेंब पाणी, चमच्याने घोटत राहायचं. आधी काळपट चिकट गोळा होतो, मग तो हळूहळू बदामी होतो आणि चमच्याला फेस धरायला लागतो. तेवढं झालं की दूध पावडर, आणि मग पाणी वरून धार धरून. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, तोवर झोपही उडते.

फिल्टर कॉफीच हवी असेल तर स्टीलचा लहान फिल्टर आणा. रात्री किचनमधलं उकळतं पाणी त्यातच ओतून घ्या, सकाळपर्यंत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरलेलं असतं. काळी पिणाऱ्यांसाठी हल्ली कपाच्या काठाला अडकवायच्या कागदी पिशव्या मिळतात, त्याही छान. पण त्यांना ताजं उकळलेलं पाणी लागतं, थर्मासातलं पुरत नाही. तिथे किटलीच हवी.

नंदुरबारहून तोरणमाळला जाणार असाल तर सगळा सरंजाम सोबतच असू द्या. अकराशे मीटरच्या वरची जागा आहे, थंडीत पहाटे हात गारठतात, आणि तुमच्यासाठी पाचला कोणी चूल पेटवेल ही अपेक्षा ठेवू नका. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. त्या दिवसांत शहादा-दोंडाईचाकडे आधी रूम मिळते का ते बघा, कॉफीचं नंतर. अजिंठा बघायचा असेल तर लेण्या सकाळी नऊला उघडतात, सोमवारी बंद. जळगावहून साठेक किलोमीटर अंतर आहे, म्हणजे रूमवर निवांत दोन कप होतात.

कोणत्या महिन्यात येताय ते तुम्ही लिहिलं नाही. मे असेल तर वरचं बरंचसं विसरा. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पहाटे पाचलाही भिंती गरमच असतात. रूममध्ये फ्रिज असेल तर बाटलीत जाडसर कॉफी पावडर आणि गार पाणी घालून रात्रभर आत ठेवा, सकाळी रुमालातून गाळून घ्या. फक्त रात्री जेवायला खाली जाताना दाराजवळच्या खोबणीतून रूमचं कार्ड काढलंत की वीज जाते आणि फ्रिजही बंद पडतो, तेव्हा बाटली जेवून आल्यावर भरा.