दूध, ऊस आणि घरचे कागद : एक्सेल पुरेल की डेटाबेस हवा?

नमस्कार. करवीर तालुक्यातील आपल्या घरच्या दुधाच्या पावत्या, उसाची बिले, विम्याचे हप्ते आणि बँकेची खाती हे सारे एकाच एक्सेल फाइलमध्ये आहे, ती फाइल आता संथ झाली आहे आणि पुतण्या म्हणतो की सगळे डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांच्या साठ्यात, हलवा, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते सगळे हलवण्याची गरज नाही. फक्त उसाचा हिशोब हलवावा.

माहिती किती आहे, यावर हा निर्णय सहसा ठरवला जातो. घरच्या माहितीच्या बाबतीत तो निकष जवळजवळ निरुपयोगी आहे. दुधाचेच पाहा. सकाळ-संध्याकाळ, म्हशीचे आणि गाईचे वेगळे धरले तरी वर्षाला १,४६० ओळी होतात, आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. फाइल संथ होते ती बहुधा संपूर्ण कॉलमवर लावलेल्या व्हीलुकअपमुळे (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणाऱ्या सूत्रामुळे) आणि हजारो रिकाम्या ओळींना दिलेल्या रंगांमुळे; ते आधी काढून पाहावे. शिवाय दुधाची प्रत्येक नोंद स्वयंपूर्ण असते. तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ), दर एवढे एका ओळीत आले की दहा दिवसांचे बिल संस्थेच्या बिलाशी पिव्होट टेबलने (नोंदींची गटवार बेरीज करणाऱ्या एक्सेलच्या सोयीने) लगेच ताडून पाहता येते. यासाठी डेटाबेस उभारणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय.

उसाचे तसे नाही. एका गटातील (गट क्रमांकाच्या जमिनीतील) एका तोडणीच्या अनेक काटा पावत्या, म्हणजे वजनाच्या पावत्या, असतात, त्या तोडणीचे पैसे दोन-तीन हप्त्यांत येतात, त्यातून सोसायटीचे कर्ज आणि पाणीपट्टी वजा होते, आणि गट कधी आजोबांच्या नावावर तर कधी चुलत्यांच्या. हे एका शीटमध्ये बसवायला गेलात तर हप्ता १, हप्ता २, हप्ता ३ असे कॉलम वाढत जातात, नाहीतर प्रत्येक हप्त्याला नवी ओळ देऊन टनेज पुन्हा लिहावे लागते. ४२.३५० टनांची तोडणी तीन हप्त्यांमुळे तीन ओळींत आली की खालची बेरीज १२७.०५० टन दाखवते, आणि सूत्र बरोबर असल्यामुळे ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवावी आणि बाकीच्या नोंदींनी तिचा क्रमांक सांगावा, हा एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीचा गाभा इथे उपयोगी पडतो. गट, तोडणी, काटा पावत्या, हप्ते आणि कपाती असे वेगळे तक्ते करा. मग कोणत्या गटाचे कोणत्या कारखान्याकडून किती येणे आहे, आणि एफआरपीची (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराची) रक्कम कायद्यातील १४ दिवसांच्या आत आली की नंतर, हे एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, कळते.

यासाठी मोठा सर्व्हर नको. एसक्यूलाइट हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर मोफत आहे, संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो आणि डीबी ब्राउझर या प्रोग्रॅममधून तो हाताळता येतो. मात्र डेटाबेस आपोआप सगळ्या चुका पकडेल अशी समजूत ठेवू नका. एसक्यूलाइटमध्ये तक्ता ‘स्ट्रिक्ट’ म्हणून तयार केला नाही, तर टनेजच्या रकान्यात अक्षरेही निमूटपणे घेतली जातात; आणि तक्त्यांमधील संबंध तपासणारी फॉरेन कीची सोय मुळात बंद असते, ती प्रत्येक जोडणीत, म्हणजे डेटाबेस उघडताना दर वेळी, चालू करावी लागते. पुतण्याला या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करायला सांगा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न नोंद कोण करणार हा आहे. रोजची नोंद वडील मोबाइलवर करत असतील आणि डेटाबेस फक्त पुतण्याला समजत असेल, तर तो नोकरीसाठी पुण्याला गेला की नोंदी थांबतील. तशी शक्यता असेल तर एक्सेलमध्येच याच तक्त्यांच्या वेगवेगळ्या शीट करा, प्रत्येक तोडणीला क्रमांक द्या, कारखान्याचे नाव टाइप न करता यादीतून निवडण्याची सोय ठेवा, आणि मर्ज केलेले सेल टाळा. पुढे कधी डेटाबेस करायचा झाला तर या शीट जशाच्या तशा उचलता येतात. फक्त सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढताना यूटीएफ-८ हा अक्षरांच्या साठवणीचा पर्याय निवडा, नाहीतर मराठी अक्षरांचे भलतेच काही होते.

बँकेची खाती आणि विमा एक्सेलमध्येच राहू द्या, पण ते कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य एक्सेल गाळतो, आणि १५ अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतो. एकदा गेलेले आकडे परत मिळत नाहीत.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठी किती घरांतील कागद भिजले हे आपण पाहिले आहे. म्हणून दोन्ही फाइलींची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन ठेवा. एसक्यूलाइटची फाइल बंद करूनच तिची प्रत काढावी.

सुरुवात यंदाच्या गळीत हंगामापासून करा, जुने हंगाम सवडीने भरा. ते भरताना ज्या तोडणीची पावती सापडणार नाही तिथे शून्य लिहू नका, जागा रिकामी सोडा. शून्य टन म्हणजे ऊस गेलाच नाही असा अर्थ होतो, आणि एकरी सरासरी खोटी निघते.