घाटावर एवढे मासे दिसतात, मग नर्मदेतला महाशीर संपत आलाय असं का म्हणतात?

घाटावरच्या गर्दीवरून महाशीरचा हिशेब लागत नाही. आम्ही इंदूरची मंडळी महेश्वरला गेलो की कणकेच्या गोळ्या टाकतो, मासे तुटून पडतात, आणि नदी भरलेली आहे असं वाटतं. नीट बघा: अंगावर रुपयाएवढी खवलं, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. असा मासा त्यात किती वेळा दिसतो?

निमाडात, म्हणजे महेश्वर-बडवाहकडच्या नर्मदेच्या पट्ट्यात, याला बाडस म्हणतात. 2011 मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा केलं. मान मिळाला, पण तोवर त्याचं घर मोडलं होतं.

दोष नुसत्या जाळ्याचा नाही, खरी अडचण विणीची आहे. पावसाळ्यात पूर आला की महाशीर प्रवाहाविरुद्ध चढतो आणि उपनद्यांच्या उथळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोटे-खडीवर अंडी घालतो. अंडी रोहू-कतल्याच्या मानाने थोडीच, वाढही सावकाश. आता नर्मदेवरची धरणं वरून खाली बघा: बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, पुढे गुजरातेत सरदार सरोवर, ज्याचं तुंबलेलं पाणी बडवानीचा राजघाट बुडवून बसलंय. भिंत चढता येत नाही, आणि मागच्या संथ पाण्यात तळाशी गाळ बसतो, खडी झाकली जाते. मोठा महाशीर अशा पाण्यात जगतोही, पण त्याचा वंश पुढे सरकत नाही. जलाशयात वाढतात ते साठ्याच्या पाण्यात रमणारे मासे, त्यात मुद्दाम सोडलेलं कतला-रोहूचं बीज. म्हणजे मासळी भरपूर, फक्त जात बदललेली! त्यात भर रेतीउपशाची. यंत्रं पात्रात उतरली की तळ उकरला जातो आणि पाणी गढूळ होतं.

राज्यात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. काळ विणीचाच, बंदी योग्यच. पण जाळं उचललं म्हणून वाट मोकळी होत नाही. बडवाहच्या वनविभागाने तळ्यात वाहतं पाणी खेळवून महाशीरची पिल्लं तयार केली, हे काम मला मोलाचं वाटतं. पण ती सोडायची कुठे? माझ्या मते धरणाच्या साठ्यात सोडणं म्हणजे फोटोपुरतं. महूकडून उतरून बडवाहजवळ नर्मदेला मिळणाऱ्या चोरलसारख्या नद्या आधी वाहत्या ठेवा, त्यांच्यातली रेती-खडी उपसू नका, मग पिल्लं सोडा. आणि आपल्या इंदूरच्या नळाला मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येणारं पाणी याच नर्मदेचं आहे, तेव्हा ही पंचाईत फक्त निमाडची नाही.