बाहुल्यांमुळे मुलींच्या मनात स्त्रीत्वाची ठरावीक प्रतिमा रुजते का?

मुलीला पाचव्या वाढदिवसाला बाहुली द्यावी की नाही, असे आपण विचारले आहे. बाहुली जरूर द्यावी; काळजी करायची ती तिच्यासोबत येणाऱ्या एकाच साच्याची.

१९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात बार्बी आली, तेव्हा ती एका अर्थाने मोकळीक देणारी होती, कारण तोवर मुलींच्या हाती बहुतेक वेळा तान्ह्या बाळाच्या रूपातील बाहुल्याच दिल्या जात आणि खेळातही त्यांना आईच व्हावे लागे. मोठेपणी आपण कोण होऊ, याची कल्पना करायला रूथ हँडलर यांनी घडवलेल्या या बाहुलीने जागा दिली, पण त्या मोठेपणाला अशक्यप्राय बारीक कंबरही चिकटवली. १९९२ साली बोलक्या बार्बीच्या तोंडी गणिताचा तास अवघड असतो, असे वाक्य होते, ते टीकेनंतर काढावे लागले; वेगवेगळ्या बांध्यांच्या बार्बी यायला तर २०१६ साल उजाडले. आपल्याकडची लाकडी ठकी मला म्हणूनच अधिक आवडते, तिला मिरवण्यासारखी कंबरच नाही.

दादरच्या एका दुकानात माझ्या मुलाने भातुकली मागितली, तेव्हा ‘ती मुलींची’ असे सांगून त्याच्यापुढे गाडी ठेवली गेली. साचा मुलग्यांवरही लादला जातो, तो असा. तेव्हा बाहुलीसोबत ठोकळे आणि आगगाडीही द्या, भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक सुरेखा यादव यांनी रेल्वेचे इंजिन चालवल्याचे सांगा, आणि बाहुलीने काय व्हायचे ते मुलीला ठरवू द्या.