बॅरिटोनमधला ‘बॅरी’ कुणाचा कोण?

‘बॅरिटोन आवाजाला मराठीत पहाडी आवाज म्हणावं का?’ असा प्रश्न आहे. म्हणू नये. पहाडी आवाज शाहिराचा, मैदानाच्या पार टोकाला पोचणारा, बहुधा चढ्या पट्टीतला. बॅरिटोन हा पुरुषी आवाजातला मधला, खर्जातला बेस आणि चढा टेनर यांच्या दरम्यानचा. हल्ली माइकसमोर घसा दाबून बोलणारा प्रत्येक निवेदक ‘बॅरिटोन’ ठरतो, ते आणखी वेगळंच दुखणं.

गंमत आहे ती शब्दात. त्यातला ‘बॅरी’ म्हणजे ग्रीक ‘बारुस’, जड. हे ऐकलं की कुणीतरी टाळी मागतोच, ‘बघा, आपला भार!’ साफ चूक. संस्कृत ‘भ’समोर ग्रीकमध्ये ‘फ’ उभा असतो. ‘भार’च्या घरातलं ‘भरामि’, म्हणजे ‘वाहतो’, तिकडे ‘फेरो’. ‘बारुस’चा सख्खा भाऊ आहे ‘गुरु’, तोही मुळात ‘जड’च. ‘ग’चा ‘ब’ कसा? ‘गो’चा तिकडे ‘बूस’ होतो तसाच. नुसत्या कानावर भरवसा ठेवून सोयरीक जुळवणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं. उरला ‘टोनॉस’. तो ताणण्याच्या धातूतला, म्हणजे आपल्या ‘तन्’च्या, ताण-तंतू-तान यांच्या घरातला. थोडक्यात, बॅरिटोन म्हणजे ‘गुरुतान’! कोशवाले नाक मुरडतील, मी वापरणार.

सूर वरचा-खालचा असणं माणसाला उपजतच कळतं, असं काही जाणकार ठामपणे लिहितात. पाणिनी ‘उच्चैरुदात्तः’, म्हणजे उंच तो उदात्त, असं म्हणतो खरं. पण ग्रीकांचे सूर ‘ऑक्सुस’ आणि ‘बारुस’, तीक्ष्ण आणि जड. ॲरिस्टॉटलने आत्म्यावरच्या ग्रंथात सरळ सांगितलंय की हे शब्द स्पर्शाकडून उसने आणलेत: तीक्ष्ण जणू टोचतं, बोथट ढकलतं. त्यांच्या लायर या तंतुवाद्यावर तर सगळ्यात खर्जातल्या तारेचं नाव ‘हुपाते’, म्हणजे सर्वांत वरची, आणि सगळ्यात तार सुराची ‘नेते’, म्हणजे सर्वांत खालची! नावं वाद्य धरण्याच्या ढबीवरून पडली, असं म्हणतात. सुराच्या उंचीचा संबंधच नाही.

आणि हा जड आवाज काही ग्रीक महाकवी होमरचा लाडका नव्हे. त्याला भावतो ‘लिगुस’, स्वच्छ, भेदून जाणारा. त्याच्या काव्यातला म्हातारा वक्ता नेस्टर बोलतो तो ‘लिगुस’. इथे आपलं ‘खणखणीत’ चपखल बसतं. पण त्याच शब्दाचं भावंड ‘लिगुरे’ होमर खलाशांना भुलवणाऱ्या सायरनांच्या जीवघेण्या गाण्याला लावतो आणि घोड्यांवर ओढलेल्या चाबकालाही. चाबूक काही खणखणत नाही; तिथे ‘सणसणीत’च लागतं.