सीए १२५ वाढला म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : माझं वय ३६. पाळीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला रक्त दिलं, सीए १२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन) हा ५२ आला. रिपोर्टवर मर्यादा ३५ आहे. आईचं वय ६१, पाळी जाऊन दहा वर्षं झाली. महिनाभर तिला थोडं थोडं रक्त जातंय, पण तिचा सीए १२५ फक्त १४. म्हणजे काळजी माझीच करायची ना?

उत्तर : नाही, काळजी आईंची आधी. त्यांना याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. पाळी गेल्यानंतर नुसता डाग दिसला तरी गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी लागतेच. अस्तराचा कॅन्सर गर्भाशयापुरता असतो तेव्हा बहुतेकींचा सीए १२५ नॉर्मलच येतो, त्यामुळे १४ वर विसंबू नका. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासणी. कमी असूनही रक्त जात राहिलं, तरी बायोप्सी. बारीक प्लास्टिकच्या नळीने ती ओपीडीतच होते. तुकडा अपुरा आला तर दुर्बिणीतून पाहून पुन्हा घेतात. बाटली लॅबमध्ये तुम्हालाच न्यावी लागली, तर आत १० टक्के फॉर्मलिन आहे ना, हे विचारून घ्या. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडू लागतो आणि मग निदान अडतं.

आता तुमचे ५२. सीए १२५ निरोगी अस्तरही तयार करतं आणि पाळीत ते रक्तात जास्त उतरतं. एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), पोटाचा टीबी यांतही तो वाढतो. पाळी थांबल्यावर आठवड्याने त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा, सोबत सोनोग्राफी करा.

प्रश्न : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिकतो. अस्तराच्या तुकड्यात सायलिल-टीएन पॉझिटिव्ह आलं, तर कॅन्सर ठरतो का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. निरोगी पेशी म्युसिन या चिकट स्रावातल्या प्रथिनावर साखरेची साखळी वाढवत नेतात. कॅन्सरपेशीत ती पहिल्याच साखरेवर खुंटते आणि तिला सायलिक आम्ल चिकटतं, तेच सायलिल-टीएन. पण बीज सुटल्यानंतरच्या निरोगी अस्तरातल्या ग्रंथींतही ते दिसतं, पाळीनंतरच्या वाढीच्या टप्प्यात मात्र जवळपास नसतं. म्हणून फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख आणि हॉर्मोनच्या गोळ्यांची नोंद हवीच. ही जागा रिकामी असेल तर डॉक्टरांना फोन करून भरून घ्या. निदान ठरतं ते साध्या एच-ई स्लाइडवर (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या काचेवर). ग्रंथी एकमेकींना खेटून, मधला आधारपेशींचा थर नाहीसा झालेला दिसतो का, हे आधी पाहा.